फॉर्मवरचा सतरावा रकाना

आमच्या धंद्यात काम संपलं की फाइल कपाटात जाते, पण किस्सा काही कपाटात जात नाही. तो डबा खाताना बाहेर येतो, धुळ्याच्या बसमध्ये येतो, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने "तुम्ही काय करता?" असं विचारलं की हमखास येतो. बारा वर्षांत इतके साचलेत, की दारात नवीन विद्यार्थी उभा राहिला की मला आधी त्याच्यासारखा जुना कोण होता ते आठवतं.

तर, आम्ही काय करतो? मुलांना परदेशी शिकायला पाठवतो. जळगावला चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याला, एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत बसतो. आम्ही तिघंच. नाना पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाले आणि त्यांनी हे ऑफिस काढलं. शकीलभाई कागदपत्रं बघतात: ट्रान्स्क्रिप्ट, भाषांतर, नोटरी, कुरिअर. मी इंग्रजी आणि जर्मन शिकवते, मुलाखतीची तयारी घेते आणि ओरडते. ओरडायचं काम मला कोणी दिलेलं नाही, ते मी आपणहून घेतलंय.

अशा प्रत्येक ऑफिसात एक फॉर्म असतो. नाव, मार्क, बॅकलॉग किती, मध्ये गॅप आहे का, पासपोर्ट आहे का. आमच्याही फॉर्मवर ते सगळं आहे. पण आमच्याकडे सतरावा रकाना आहे, तो बाकी कोणाकडे नाही. 'तुम्ही गेल्यावर सगळ्यात जास्त कोणाचं अडेल? त्या व्यक्तीस सोबत आणावे.'

नाना त्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय व्हिसाची फाइल उघडत नाहीत. आलेल्या मुलांपैकी निम्मी हे ऐकून जिना उतरतात आणि समोरच्या इमारतीतल्या ऑफिसात जातात. तिथे चहा पण देतात!

"मॅडम," शकीलभाई म्हणतात, "समोरचं ऑफिस आपल्या सतराव्या रकान्यावर चालतं!"

*

प्रज्ञा चोपड्याची. दीड वर्ष माझ्या जर्मनच्या वर्गात होती. भाषेच्या वर्गाला हा फॉर्म लागत नाही, त्यामुळे तिची आणि सतराव्या रकान्याची गाठ पडलेली नव्हती.

बारावी सायन्सनंतर तिला मेडिकलला नंबर लागला नाही. तिथल्या एका खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून राहिली आणि कुठून तरी तिला कळलं, की जर्मनीत नर्सिंगचं तीन वर्षांचं ट्रेनिंग असतं. थोडे दिवस वर्गात, थोडे दिवस वॉर्डात, शिकता शिकता दरमहा भत्ता. अट एकच, भाषा आली पाहिजे. ती रोज सकाळची बस धरून जळगावला यायची. वर्गात पहिली पोचणारी तीच, आणि साडेअकरा वाजले की घड्याळ बघायला लागणारी पण तीच. "बस चुकेल मॅडम!" मी ओरडायचे, की जर्मन बसच्या वेळापत्रकावर शिकता येत नाही. तिने शिकून दाखवलं. जर्मनची बी-टू परीक्षा पास झाली, तिकडच्या एका हॉस्पिटलची व्हिडिओवरची मुलाखत पास झाली, आणि जुलैमध्ये करार आला. तीन आठवड्यांत सही करून परत पाठवायचा, नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला.

आमच्या वर्गातून अशी जागा मिळवलेली ती पहिली मुलगी. मी पेढे आणले. नानांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि फॉर्म पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. वडील एसटीत कंडक्टर. रजा टाकून आलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.

"भाऊ, हिच्यावाचून तुमचं काय अडेल?" नानांनी विचारलं.

"माझं? माझं काय अडणार साहेब? सकाळी ड्युटीला जातो, संध्याकाळी येतो. ही शिकली तर आनंदच आहे!"

नाना त्यांच्याशी अर्धा तास छान बोलले. एसटीच्या नव्या गाड्यांबद्दल पण बोलले. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "वडील चांगले आहेत, बेटा. आता ज्याचं अडेल त्याला आण."

*

हा रकाना कुठून आला? फैजपूरच्या चेतनमुळे आला.

चेतनला आयर्लंडमध्ये मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. सगळे कागद चोख. घरच्यांनी स्टेशनवर हार घालून पाठवलं. आणि तिसऱ्या दिवशी चेतन ऑफिसच्या दारात, तीच बॅग, त्यावर विमानतळाचं लेबलसुद्धा नाही.

"सर, मी परत आलो."

कारण विचारलं तर सांगेना. नानांना राहवलं नाही, ते त्याच्याबरोबर फैजपूरला गेले. मी पण गेले, कारण नाना एकटे गेले की जेवून येतात आणि काय झालं ते सांगत नाहीत.

घरात आई, वडील आणि चौदा वर्षांची बहीण. बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला कुठल्या शाळेत रीतसर खुणांची भाषा शिकवलेली नव्हती. तिची आणि चेतनची लहानपणापासूनची स्वतःची एक भाषा होती, बोटांची आणि भुवयांची. आम्ही बसलो तशी ती मुलगी नानांकडे बघून भराभर काही तरी सांगायला लागली. लांबच लांब. मध्ये थांबली, हसली, पुन्हा सुरू झाली.

नानांनी तिच्या आईला विचारलं, "काय म्हणते ती?"

आई म्हणाली, "चेतनले विचारा."

आईच्या मग लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

चेतन एक वर्ष थांबला. विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश पुढे ढकलला. रोज संध्याकाळी घरात वर्ग. विद्यार्थी आई आणि वडील, शिक्षक बहीण, आणि चेतन फक्त कोपऱ्यात बसायचा. वडील केळीच्या बागेतून थकून यायचे आणि बोटं वाकवत बसायचे. पुढच्या सप्टेंबरात तो गेला. मास्टर्स झालं, तिकडेच नोकरी लागली.

"त्याच्या मास्टर्सपेक्षा त्याच्या आईचा कोर्स अवघड होता," नाना म्हणतात. "आणि तो आपल्या फॉर्मवर कुठेच नव्हता."

फैजपूरहून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी फॉर्मवर सतरावा रकाना आला होता.

*

आता लोक कोणाला घेऊन येतात ते ऐका.

पारोळ्याच्या एका मुलाने मामाला आणलं. मामा सफारी सूटमध्ये, हातात चार अंगठ्या. "मामा, याच्यावाचून तुमचं काय अडेल?" मामा क्षणभरही थांबले नाहीत. "याचं लग्न!"

धुळ्याच्या एकाने मित्राला आणलं. का, तर दोघांत एक मोटारसायकल. "हा गेला तर पेट्रोल कोण टाकेल?" मित्र मनापासून काळजीत होता. त्याची काळजी खरी होती म्हणून नानांनी ती रीतसर लिहून घेतली.

आणि धुळ्याचेच एक डॉक्टर. मुलाला बाहेरच्या देशात एमबीबीएसला पाठवायचं होतं. देश कुठला ते त्यांना महत्त्वाचं नव्हतं. इकडे नंबर लागला नव्हता, म्हणून जिथे लागेल तिथे. मुलगा शेजारी मान खाली घालून. नानांनी विचारायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "माझंच अडेल! हॉस्पिटल बांधून तयार आहे, पाटीवर याचं नाव पण घातलंय."

नानांनी मुलाला बाहेर नेऊन चहा पाजला. त्याला रक्त बघितलं की चक्कर यायची. हे त्याने आजवर आईलाच फक्त सांगितलं होतं आणि आईने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याला बेकरीचं शिकायचं होतं. पाव, केक, बिस्किटं! जर्मनीत तीन वर्षांचं रीतसर ट्रेनिंग असतं त्याचं, माझ्याकडे माहितीपत्रक पण होतं.

ते माहितीपत्रक नानांनी डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी ते उभं धरून पूर्ण वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि निघून गेले. पुन्हा काही आले नाहीत.

मध्यंतरी मी त्या रस्त्याने गेले. हॉस्पिटल चालू झालंय. मुलाच्या नावाची पाटी तशीच आहे, आणि आत दुसरेच कोणी तरी डॉक्टर बसतात.

*

प्रज्ञा दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन आली.

आई अंगणवाडीत. बोलायला खणखणीत. "सर, हिच्यावाचून माझं अडेल. घरात हीच करते सगळं."

"काय काय करते?"

"सकाळी पाणी भरते, मग... मग ती बाहेर जाते."

"कुठे?"

आईने मुलीकडे बघितलं. मुलीने खिडकीकडे बघितलं.

"असंच, गल्लीत," आई म्हणाली. "तासाभराने येते, मग बस धरते. संध्याकाळी परत जाते. मैत्रिणी असतील."

नाना म्हणाले, "ताई, तुमचं अडणार नाही. तुम्ही खंबीर आहात."

माझा संयम सुटला. प्रज्ञा आणि तिची आई जिना उतरेपर्यंत मी कशीबशी गप्प बसले आणि मग नानांवर ओरडले. "नाना, आपण मुलांना शिकायला पाठवतो की त्यांची सोयरीक जुळवतो? दीड वर्ष ही पोरगी तीन तास बसमध्ये घालवून शिकली. आई आली, बाप आला. अजून कोण पाहिजे तुम्हाला? सरपंच?"

नाना शांत. "मॅडम, करार तिच्याकडे आहे ना? सही करायला मी लागतो का?"

नव्हतेच लागत. सही तिची. हॉस्पिटलला नाना कोण ते माहीत पण नव्हतं. मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, "सही कर आणि पाठवून दे. बाकीचं मी बघते. नानांना मी सांभाळते."

"हो मॅडम," ती म्हणाली.

आठवडा गेला. करार गेला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नानांना मी उगाच दोष देत होते, ही पोरगी स्वतःच कुठे तरी अडून बसली होती.

*

त्याच आठवड्यात धुळ्याला पिंपळनेरकडचा एक मुलगा आला. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो हे वाचेल.

सहा वर्षांचा असताना आश्रमशाळेत आला, तिथून वसतिगृह, तिथून आयटीआय. वेल्डिंगमध्ये असा हात, की त्याच्या शिक्षकाने स्वतः फोन करून आमच्याकडे पाठवलं. जर्मनीत अशा ट्रेनिंगच्या पुष्कळ जागा असतात. भाषा जमली की याला मिळणार, याची मला खात्री होती.

फॉर्म त्याने मोत्यासारख्या अक्षरात भरला. सतरावा रकाना कोरा.

"हे राहिलं," नाना म्हणाले.

"नाही राहिलं सर. माझ्यावाचून कोणाचं अडत नाही."

हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. नाव, गाव, टक्के सांगावेत तसं त्याने सांगितलं. आईवडील लहानपणीच गेले. एक काका ऊसतोडीला जातात, कुठल्या जिल्ह्यात आहेत ते त्यांच्या घरच्यांनाही नक्की माहीत नसतं.

शकीलभाई झेरॉक्स काढत होते, त्यांनी मशीन बंद केलं.

नानांनी पेन उघडलं. त्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, नातं या जागी एक आडवी रेघ मारली आणि फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करायचा. नाही केलास तर माझं अडेल."

मुलाने दोनदा वाचलं. मग त्याने विचारलं, "सर, आतापासून करू की गेल्यावर?"

"आतापासून," नाना म्हणाले.

परवाच्या पहिल्या रविवारी नाना एका लग्नाला गेले होते. अक्षता पडायच्या वेळेला मोबाइल घेऊन मांडवाबाहेर गेले. नवरीकडच्यांना वाटलं, नाना रुसले!

*

करार पाठवायला दोन दिवस उरले होते तेव्हा प्रज्ञा एकटीच आली. आली आणि करार टेबलावर ठेवला. सही नव्हती.

"सर, मी जात नाही. मॅडम, मला माफ करा."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं.

"येऊ शकत नाहीत का त्या?" नानांनी विचारलं.

नाना 'त्या' म्हणाले तशी ती रडायला लागली. नानांना कुठून कळलं? मी नंतर विचारलं, तर म्हणाले, अंदाज. आई म्हणाली ना, गल्लीत जाते.

"त्या आमच्या कोणी नाहीत सर," प्रज्ञा म्हणाली. "म्हणून मला सांगता येईना. फॉर्मवर व्यक्ती म्हटलं की नातं विचारतात. मला वाटलं, पप्पा नाही तर मम्मी, कोणी तरी चालून जाईल."

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी हमीदाचाची राहतात. बांगड्या विकायच्या. आयुष्यभर चोपड्याच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या बाजारात बसल्या. मुलगा सुरतला. त्याच्या तिथल्या एका खोलीत चार माणसं, चाचीला कुठे नेणार? चाचीला साखरेचा आजार. चार वर्षांपूर्वी तळपायाला काचेचा तुकडा लागला आणि ती जखम भरते आणि उघडते, भरते आणि उघडते. जखम तळव्याला, चाचीला दिसत नाही. प्रज्ञा अकरावीत होती तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी पट्टी ती करते. साडेअकराची घाई या संध्याकाळच्या पट्टीची होती. दुपारची बस चुकली तर पुढची दिवेलागणीला पोचते आणि तोवर चाची त्याच पायावर स्वयंपाकाला उभी राहिलेली असते.

"नर्सिंग मी तिथेच शिकले," ती म्हणाली. "आता त्यांनाच टाकून नर्सिंग शिकायला जाऊ?"

बारा वर्षांत मी मुलांना व्हिसाच्या मुलाखतीतल्या शंभर प्रश्नांची उत्तरं शिकवली, त्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

नाना उठले. "चला."

*

चोपड्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बुद्धविहाराच्या पुढची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी निळ्या दाराचं घर. चाची खाटेवर बसलेल्या. बारीक अंगकाठी, पांढरी ओढणी, भिंतीला टेकवलेल्या बांगड्यांच्या जुन्या पेट्या. धंदा बंद झालाय, पण हिरव्या चुड्याचा एक गड्डा अजून खिळ्याला अडकवलेला.

प्रज्ञाने ओळख करून दिली. चाचींनी नानांना पेटीवर बसवलं, मला खाटेवर. एवढी वर्षं बाजारात बसल्याने चाची आपल्या अहिराणीतच बोलतात.

"बठ्ठा लोके कसाले उनात?" सगळे कशाला आलेत, असं त्यांनी प्रज्ञाला विचारलं. "काय व्हयनं?"

नानांनीच सांगितलं. जर्मनी, तीन वर्षं, करार, दोन दिवस. काही लपवलं नाही. ही मुलगी तुमच्यामुळे जात नाही, हे पण सांगून टाकलं. मला वाटलं, म्हातारीला असं तोंडावर सांगू नये. पण नाना सांगतात.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "चाची, हिच्यावाचून तुमचं काय अडेल?"

चाचींनी प्रज्ञाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पट्टीनी येय व्हयनी ना?"

वेळ झालीच होती, प्रज्ञा उठून पट्टीचा डबा आणायला लागली. चाचींनी तिचा हात धरला आणि तिला बसवलं. "तू बठ."

डबा त्यांनी स्वतः ओढला. आधी साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. पाय गुडघ्यावर घेतला, जुनी पट्टी सोडली. मग हात खाटेच्या गादीखाली घातला आणि एक आरसा काढला. बांगडीवाल्यांकडे असतो तो, लाकडी चौकटीचा, बायकांना चुडा भरल्यावर हात दाखवायचा. तो त्यांनी बांगड्यांच्या पेटीला टेकवून असा तिरका लावला, की तळवा त्यात पूर्ण दिसावा.

मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. जखम लहान होती, रुपयाएवढी, कडा गुलाबी. चाचींनी सलाइनच्या पाण्याने ती धुतली. मधून बाहेर, बाहेरून मध्ये नाही. प्रज्ञा पुढे वाकून सांगायला गेली, "बोटांमध्ये कोरडं..." तोवर चाचींचा कापूस दोन बोटांच्या मध्ये पोचला होता. मलम, जाळीची पट्टी, वरून गुंडाळणं. हजारो मनगटांत काच न फोडता बांगडी सरकवणारी ती बोटं, कुठेही घाई नाही, कुठेही थरथर नाही. गाठ पायाच्या वरच्या बाजूला, टोचणार नाही अशी, टोकं आत खोचलेली.

प्रज्ञा मला वर्गात एकदा म्हणाली होती, की चांगली पट्टी होताना माणसाला काही जाणवतच नाही. ही तशीच होती.

चाचींनी पाय खाली ठेवला. आरसा ओढणीने पुसला आणि परत गादीखाली सारला.

"चाची," प्रज्ञा पट्टीकडे बघत म्हणाली, "हाई तुले कव्हयपाइन येस?"

"दोन वरीस व्हयनात."

"दोन वरीस? आनि मी रोज बस धरीसन पळत येस! मंग माले सांगं का नही?"

चाचींनी कापसाचा उरलेला बोळा डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या,

"सांगं असतं, ते तू रोज कसाले उनी असती?"